हायलक्स २.८ घ्यायची तर ऑटोमॅटिकच, नाहीतर व्ही-क्रॉस १.९ बास

आमच्याकडं पिकअप म्हणलं की डोळ्यापुढं बोलेरो पिकअपच येती. मोसंबीचे कॅरेट तिच्यात, ठिबकची बंडलं तिच्यात, अन् वेळ पडली तर वऱ्हाड बी तिच्यातच. पण आता जालना, अंबड, गेवराई, बीड ह्या पट्ट्यात डबल केबिनवाल्या मोठ्या पिकअप दिसायला लागल्यात, हौस म्हणा, शेताचं काम म्हणा, पुढच्या निवडणुकीची तयारी म्हणा (हे जास्त). हौसेला आपल्याकडं तोटा कधीच नव्हता, २०१० साली औरंगाबादकरांनी एका दमात १५० मर्सिडीज उचलल्या होत्या, आता तीच हौस पिकअपवर उतरलीय एवढंच.

मंग जो तो एकच विचारतो, कोणतं इंजिन पॉवरफुल? अन् उत्तर पीएसमध्येच (इंजिनची ताकद मोजायचं एकक, हॉर्सपॉवरच्या जवळपास) पाहिजे असतं. २०४ मोठं का १६३ मोठं, संपला विषय. म्हणून म्हणलं जरा सविस्तर लिहावं, कारण ह्या गाड्यात पीएसच्या आकड्याएवढं फसवं दुसरं काही नाही.

माझ्याकडं इसुझू व्ही-क्रॉस १.९ आहे (आकडा म्हणजे इंजिन किती लिटरचं), बीएस६ (प्रदूषणाचा नवा नियम), मॅन्युअल, फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद). दाजींकडं टोयोटा हायलक्स २.८ ऑटोमॅटिक. वडीगोद्रीच्या दोस्ताकडं जुनी व्ही-क्रॉस, २.५ वाली. रान जवळजवळ असल्यामुळं कोणाची गाडी कोणाच्या दारात ह्याचा काही नेम नसतो, त्यामुळं तिन्ही इंजिनं त्याच रस्त्यावर, त्याच चिखलात चालवून झालीत. हायलक्सची मॅन्युअल बी चालवलीय, दाजी गाडी बघत होते तव्हा. हा रिव्ह्यू इंजिनचाच आहे, स्क्रीन केवढी अन् सीटला थंड हवा येती का ते मला विचारू नका.

आधी आकडे, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. हायलक्सचं इंजिन म्हणजे फॉर्च्युनरचंच २७५५ सीसीचं १जीडी, २०४ पीएस. टॉर्क (चाक फिरवायचा जोर, एनएममध्ये मोजतात) मात्र गिअरबॉक्सवर ठरतो, मॅन्युअलला ४२० एनएम (१४०० ते ३४०० आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे) अन् ऑटोमॅटिकला ५०० एनएम (१६०० ते २८००). व्ही-क्रॉस १.९ म्हणजे १८९८ सीसी, १६३ पीएस, ३६० एनएम, तो टॉर्क २००० ते २५०० मध्ये मिळतो, आणि इथं मॅन्युअल घ्या का ऑटोमॅटिक घ्या, आकडा तोच. जुनं २.५ होतं ते १३४ बीएचपी (पीएसच्या जवळपासच) आणि ३२० एनएम, सोबत पाच गिअर. बीएस६ आल्यावर ते बंद झालं.

आता गंमत बगा. पीएस काढायचं सूत्र साधं आहे, टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२४. हायलक्स मॅन्युअलचे ४२० एनएम ३४०० ला धरा, २०३ पीएस येतात. ऑटोमॅटिकचे ५०० एनएम २८०० ला धरा, १९९ येतात. म्हणजे पुस्तकात दोन्ही २०४ च लिहिणार अन् शोरूममधला पोरगा बी छाती फुगवून २०४ च सांगणार. पण तुम्ही चालवता कुठं? ३४०० वर डिझेल पिकअप कोण चालवतंय? चढाला, ओव्हरटेकला, रानातून निघताना तुमची सुई दीड ते अडीच हजारात असती. २००० आरपीएमला हिशोब केला तर ऑटोमॅटिककडं १४२ पीएस हातात आहेत, मॅन्युअलकडं १२०, आणि माझ्या १.९ कडं १०२. हा खरा फरक, अन् हा कोणत्याच ब्रोशरवर छापलेला नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं की हायलक्स मॅन्युअल घेणं म्हणजे इंजिनचे पैसे पूर्ण भरायचे अन् त्यातला ८० एनएम टॉर्क कंपनीकडंच ठेवून यायचा. क्लच अन् मॅन्युअल गिअरबॉक्सवर लोड नको म्हणून तो कमी ठेवलेला असतो, ते समजू शकतो, फॉर्च्युनरमध्ये बी तसंच आहे. पण मंग मॅन्युअलच पाहिजे असणाऱ्यानं व्ही-क्रॉसच का घेऊ नये? ४२० अन् ३६० मध्ये फरक आहे, नाही म्हणत नाही, आणि १४०० पासून पूर्ण टॉर्क ही मॅन्युअल हायलक्सची लई चांगली गोष्ट आहे, पहिल्या गिअरात गाडी नुसती क्लच सोडून चालती. पण त्या फरकासाठी जेवढे जास्तीचे पैसे जातात तेवढा फरक मला तरी स्टेअरिंगवर बसून जाणवला नाही. ऑटोमॅटिकचा जाणवतो. पाय ठेवला की कळतं.

कन्नडचा घाट घ्या. धुळ्याकडून येताना चाळीसगाव सोडलं की चढ सुरू, पुढं ट्रक, मागं ट्रॅव्हल्स, वळणावर वेग तुटतो अन् पुन्हा उचलायचं असतं. दाजींची गाडी तिथं गिअर फार बदलत बी नाही, २००० च्या आतच ओढत राहती, आत बसलेल्याला घाट आहे हे पोटातलं पाणी हललं तरच कळतं. माझ्या १.९ ला तिथं तिसरा गिअर धरून ठेवावा लागतो, चौथ्यात टाकला अन् सुई १७०० खाली आली की इंजिन झोपतं. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) व्हेरिएबल जिओमेट्रीचा, म्हणजे गरजेप्रमाणं पाती फिरवणारा, आहे तरी खालच्या आरपीएमला १.९ लिटर ते १.९ लिटरच, दोन टनाच्या आसपासची गाडी ओढायची म्हणल्यावर हवा भरेपर्यंत थांबावंच लागतं. एकदा २००० ओलांडलं की मात्र मस्त. तिसऱ्यात ठेवा अन् निवांत या, कुठं अडत नाही. जुन्या २.५ चं उलटं, ते खाली झोपत नाही पण वर पळत बी नाही, एकाच चालीनं ढुर्र ढुर्र करत घाट चढतं, आवाज ट्रॅक्टरसारखा. दोस्त म्हणतो ट्रॅक्टरला कोणी नावं ठेवतं का. त्याला काय बोलणार.

समृद्धीवर गोष्ट वेगळी. १२० ची लिमिट आहे, तिथं तिन्ही चालतात, पण शंभरच्या पुढं ओव्हरटेक करायचा असला तर २.५ वाल्यानं विचारच करू नये, १.९ वाल्यानं एक गिअर खाली घ्यावा अन् हायलक्सवाल्यानं फक्त पाय दाबावा. मायलेज म्हणाल तर हायलक्स ऑटोमॅटिक आमच्याकडं दहा-अकरा देती, १.९ बारा-तेरा. टाकी हायलक्सची ८० लिटरची आहे, त्यामुळं पंपावर कमी जावं लागतं पण गेल्यावर बिल बघून दाजींचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता चिखल. हा आपला मराठवाड्याचा खास विषय, अन् सगळ्यात जास्त गैरसमज इथंच. काळी माती एक पाऊस झाला की चाकाला असे गोळे धरती की टायर आहे का मातीचा रोलर आहे कळत नाही. त्यावेळी इंजिन २०४ पीएस असो का ७०० असो, चाक जाग्यावर फिरतं अन् गाडी पोटावर बसती. तिथं कामाला येतो तो लो रेंज, म्हणजे ४एल, चारी चाकांचा हळू पण जोरदार गिअर. ४एल टाकलं की इंजिनचा टॉर्क अजून अडीच पट होऊन चाकाला जातो, म्हणजे माझ्या १.९ कडं बी लागतो त्याच्यापेक्षा जास्तच टॉर्क असतो, कमी पडतं ते टायर. हायवेचे गुळगुळीत टायर ठेवून हायलक्स रानात घालणारे लई पाहिलेत, मंग ट्रॅक्टर बोलवायचा. ऑल टेरेन टायर लावले तर निम्मा प्रश्न सुटतो, निम्मा कारण आपली ही काळी रेगूर माती ऑल टेरेनलाही फार मोजत नाही.

हायलक्सला मागच्या ॲक्सलचं डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारं कुलूप) बटणावर आहे, त्याचा फायदा खरा. एक चाक सरीत लटकलं तरी दुसरं ओढून काढतं. आणि ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग) चिखलात मॅन्युअलपेक्षा कधीही सोपा, ब्रेक सोडला की गाडी हळूहळू सरकती, झटका नाही, चाक सुटत नाही. मॅन्युअल १.९ मध्ये नवखा माणूस अर्धा क्लच दाबून धरतो अन् दहा मिनिटात जळका वास. ४एल दुसरा गिअर, क्लच पूर्ण सोडून, रेस हलकी, एवढं जमलं तर निघती. दाजींना मी एकदा म्हणलं, "दाजी, तुमच्या गाडीत ड्रायव्हरचं कामच राहिलं नाही." तर म्हणले, "पाव्हणं, पैसे त्याचेच दिलेत."

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यातून काढून टाका, ह्या गाड्या माल वाहायला नाहीत. पाचशे एनएम आहे म्हणून दोन टन टाकू असं होत नाही. बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसी, टॉर्क २०० एनएमच्या आसपास, पण १.७ वालीची भार न्यायची क्षमता १७०० किलो, कारण गिअरिंग, पाटे, ॲक्सल सगळं त्याच कामाचं. हायलक्स अन् व्ही-क्रॉस दोन्हीचा पेलोड अर्ध्या टनाच्या आतला. डीएपीच्या ५० किलोच्या गोण्या टाकायला लागलात तर मोजूनच टाका. हां, मागं थोडं वजन असलं की दोन्हीही गाड्या छान चालतात, कारण मागं पाटे आहेत, रिकामी असली की खड्ड्यात मागच्या सीटवरचा माणूस शिव्या देतो. आमची आई हायलक्समध्ये मागं बसायला आता तयारच होत नाही.

पोरं रील बघून येतात अन् विचारतात की आपल्याकडं अमेरिकेसारखी इंजिनं का नाहीत. अरे बाबांनो, तिथलं गणितच वेगळं आहे. फोर्डच्या एफ-१५० रॅप्टरमध्ये साडेतीन लिटरचं ट्विन टर्बो व्ही६ (सहा सिलिंडरचं) पेट्रोल, ४५० हॉर्सपॉवर. रॅप्टर आर मध्ये ५.२ लिटरचं सुपरचार्ज व्ही८, २०२३ ला ७०० होते, पुढच्या वर्षी ७२० केले. रॅम ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या टीआरएक्समध्ये २०२४ पर्यंत ६.२ लिटर सुपरचार्ज व्ही८, ७०२ होते. ह्या गाड्या वाळवंटात शंभरच्या पुढं उड्या मारायला बनवल्यात, तिथं वरच्या आरपीएमची पॉवर लागती अन् पेट्रोल परवडतं. तिथंबी वाद तोच चाललाय बरं का. फोर्डनं २०१७ ला रॅप्टरमधून व्ही८ काढून व्ही६ टर्बो टाकलं, आकडे वाढले, तरी लोकांनी आवाजासाठी एवढं डोकं खाल्लं की व्ही८ परत आणावं लागलं. रॅमनं बी ५.७ लिटरचं हेमी व्ही८ बंद करून सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो आणलं, ज्याची पॉवर हेमीपेक्षा जास्त, अन् २०२६ च्या मॉडेलला हेमी परत. म्हणजे हौस ही जगात कुठंही जा, सारखीच.

आपल्या कामाचं उदाहरण पाहिजे असलं तर फोर्डचीच रेंजर रॅप्टर बघा. तिच्या दोन लिटर बाय-टर्बो डिझेलचा टॉर्क ५०० एनएम, म्हणजे हायलक्स ऑटोमॅटिकएवढाच. आणि इसुझूनं थायलंडमध्ये २०२४ ला १.९ च्या जागी २.२ लिटरचं नवं डिझेल आणलं, पीएस १६३, म्हणजे आपल्या इथल्या १.९ एवढेच, पण टॉर्क ४०० एनएम अन् सोबत आठ गिअरची ऑटोमॅटिक. आता सांगा, आपल्या १.९ शी लावलं तर पीएस तेवढेच, मंग फायदा कशात? टॉर्कमध्ये. तेच तर मी मघापासून सांगतोय. ते २.२ इकडं आलं तर हा सगळा रिव्ह्यू मला पुन्हा लिहावा लागंल, अन् माझी १.९ मी कोणाच्या तरी गळ्यात मारायच्या मागं लागंन.

डीपीएफबद्दल न लिहिलं तर हा रिव्ह्यू अर्धाच राहील. बीएस६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या लायनीत एक फिल्टर असतो, तोच डीपीएफ, काजळी त्याच्यात साठती अन् गाडी लांब, एका वेगानं, गरम चालली की ती जळून जाती. आपलं चालणं कसं? घर ते रान, रान ते मोंढा, मोंढा ते चहाची टपरी. इंजिन तापायच्या आधी बंद. असं महिनाभर केलं की लाईट लागती अन् लोक म्हणतात गाडीत फॉल्ट. फॉल्ट नाही, वापर चुकीचा. जालन्यापासून समृद्धीला लागा, तासभर एका चालीनं जाऊन या, बहुतेक वेळा लाईट गप होती. ज्याचं चालणं कायम गावातल्या गावातच आहे त्यानं हे २.८ बी घेऊ नये अन् १.९ बी घेऊ नये, सरळ सांगतो.

त्याच्यावर लोकांनी काढलेला इलाज म्हणजे डीपीएफ उडवायचा अन् रिमॅप मारायचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलायचा. एका ट्यूनिंगवाल्यानं मला बी ऐकवलं, चाळीस पीएस वाढवून देतो, तासाभराचं काम. वाढतात, खोटं नाही. पण आपल्याकडं एप्रिल-मे ला ४२ च्या पुढं पारा असतो, त्या हवेत आधीच इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) हाल, वरून जास्त डिझेल अन् टर्बोच्या हवेचा जास्त दाब, टर्बो अन् क्लच दोन्हीची वाट. वॉरंटी गेली ते वेगळंच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, त्यामुळं उद्या क्लेमच्या वेळी विमावाल्याच्या हातात आयतं कोलीत. ज्याला १.९ कमी पडतं त्यानं रिमॅपचे पैसे साठवून हायलक्स ऑटोमॅटिक घ्यावी, जुनी का होईना.

आणि डिझेल चांगल्या पंपावरचंच टाका. ड्रममधलं, ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेलं, त्याच्यात पाणी किती अन् गाळ किती देवाला ठाऊक. ह्या इंजिनात इंजेक्टरचं प्रेशर २००० बारच्या आसपास जातं, तिथं पाण्याचा थेंब बी महागात पडतो. जुनं २.५ सुद्धा कॉमन रेलच (जास्त प्रेशरनं डिझेल सोडायची पद्धत) आहे, ट्रॅक्टरसारखा आवाज आहे म्हणून ट्रॅक्टरचं डिझेल चालतं असं नाही.

टोयोटा म्हणलं की लोक डोळे झाकून घेतात, त्याचं बी थोडं सांगतो. जानेवारी २०२४ ला टोयोटा इंडस्ट्रीजनं डिझेल इंजिनांच्या हॉर्सपॉवर टेस्टमध्ये गडबड केल्याचं समोर आलं, आकड्यात चढउतार दिसू नये म्हणून टेस्टच्या इंजिनात वेगळं सॉफ्टवेअर वापरलं होतं, अन् भारतात हायलक्स, फॉर्च्युनर, क्रिस्टाचं डिस्पॅच काही दिवस थांबलं. फेब्रुवारीत परत सुरू झालं, गाड्यांना अडचण नाही असं कंपनीनं सांगितलं. रस्त्यावर मला तरी दाजींच्या गाडीत कुठं कमीजास्त जाणवलं नाही, पण ज्याला आकड्याचीच भक्ती आहे त्यानं हे लक्षात ठेवावं. बाकी सर्व्हिसचं जाळं टोयोटाचं मोठं, इसुझूचं आपल्याकडं विरळ, ह्यात वादच नाही, सर्व्हिसला गाडी न्यायची म्हणजे एक दिवस मोडला धरायचा. त्यात २०२४ ला बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत प्रकल्प टाकायचा टोयोटा किर्लोस्करनं सरकारशी करार केलाय, तव्हापासून दाजी असे बोलतात जणू कारखान्यात त्यांचीच पार्टनरशिप आहे.

पैशाचं म्हणाल तर हायलक्स ऑटोमॅटिक अन् व्ही-क्रॉस मॅन्युअल फोर बाय फोर ह्यांच्यात कित्येक लाखांचा फरक पडतो, ऑनरोड काढून बघा. फोर बाय फोर लागतच नसलं, रान रस्त्याला लागून असलं, तर इसुझूची हाय-लँडर आहे, इंजिन तेच १.९, टू व्हील ड्राइव्ह, अजून स्वस्त. पण पावसाळ्यात आपल्या मातीत टू व्हील ड्राइव्ह पिकअप म्हणजे मागचा भाग हलका अन् चाकं बी मागचीच फिरणारी, मला विचाराल तर नकोच. टेस्ट ड्राइव्ह घेताना शोरूमसमोरच्या चकाचक रोडवर एक राऊंड मारून देतात, ऐकायचं नाही. चढ शोधा, चौघं बसवा, एसी फुल्ल करा अन् तिसऱ्या गिअरात १५०० वरून उचलून बघा. तिथं जे इंजिन कुरकुर न करता निघंल ते तुमचं.

अन् बजेट दोन्हीचं नसलं तर जुनं २.५ वाईट नाही. बीएस४ आहे, डीपीएफची कटकट नाही, अन् दिल्लीत डिझेलला दहा वर्षांचा नियम केला होता तसा आपल्याकडं नाही. घेताना इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा, धूर फुसफुसत वर आला तर निघून या. ४एच (चारी चाकांचा नेहमीच्या वेगाचा गिअर) चालत्या गाडीत लागलं पाहिजे, ४एल थांबून न्यूट्रलमध्ये, दोन्हीचे दिवे लुकलुक न करता स्थिर लागले पाहिजेत, कारण बऱ्याच मालकांनी तो नॉब कधी फिरवलेलाच नसतो. खाली झोपून चेसीवर वेल्डिंग बघा, मागं हुक लावून ट्रॉली ओढलेल्या गाड्या लई आहेत. आणि रंग बदललेला असंल तर आरसीवर चढवलाय का ते बघूनच टोकन द्या.